हिराभाऊ आणि गावकीचं बटण

हिराभाऊ भोईर कामाचं बोलायच्या आधी "जेवलात का?" असं विचारायचे. सकाळी दहाला विचारायचे, दुपारी चारला विचारायचे. क्रेडिट कार्ड विकायला फोन करणाऱ्या मुलीलाही विचारायचे, आणि ती गोंधळून "नाही सर, अजून नाही" म्हणाली की तिला जेवायला पाठवून स्वतः फोन ठेवायचे. आमच्या अ‍ॅप बांधायच्या धंद्यात नवीन काही शिकायला बसलं की पडद्यावर पहिली ओळ जगाला नमस्कार करणारी उमटवायची, असा सगळीकडे रिवाज आहे. हिराभाऊंच्या पडद्यावर पहिली ओळ "जेवलात का?" हीच असायची.

एकदा ती पुसायचीच राहिली. नेऱ्याच्या एका फार्महाऊसवाल्या शेठांचं बुकिंगचं अ‍ॅप आम्ही केलं होतं. मुंबईचा माणूस खोली घ्यायला अ‍ॅप उघडतोय, तर पहिला प्रश्न "जेवलात का?" आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी कपाळावर हात मारला, कारण अशा चुका पकडायचा पगार मला मिळत होता. शेठांचा फोन आला तेव्हा मी राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते. शेठ म्हणाले, "ते 'नाय' दाबलं की पुढे जेवणाची यादी दाखवा. लोकं दाबतात हो!" ती ओळ त्या अ‍ॅपमध्ये आजही आहे.

पनवेलात मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या, एक एसी आणि एक केळकर सर, एवढीच आमची कंपनी. केळकर सर मालक. शुद्ध शाकाहारी, शुद्धलेखनाचे भोक्ते आणि स्वभावाने घाबरट. मी टेस्टिंग करायचे. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. हिराभाऊ अ‍ॅप बांधायचे. नेऱ्याकडच्या गावातून बाईकवर यायचे, हेल्मेटमध्ये डबा ठेवून. डब्यात सुकट किंवा जवळा. डबा उघडला की केळकर सर एसी बंद करून खिडक्या उघडायचे आणि पंख्याखाली उभे राहून दीर्घ श्वास घेत "चालू द्या, चालू द्या" म्हणायचे. त्यावर हिराभाऊ विचारायचे, "सर, तुमी जेवलात का?"

आता त्या किटबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. अ‍ॅप बांधायचं तर प्रत्येक बटण, प्रत्येक यादी कुणी पहिल्यापासून बनवत बसत नाही. तयार भागांचा संच मिळतो, त्याला किट म्हणतात. आम्ही वापरायचो ते किट फुकट होतं आणि उघडं होतं. जगातल्या कुणीही घ्यावं, आत डोकवावं, दुरुस्त करावं आणि दुरुस्त केलेलं पुन्हा सगळ्यांसाठी ठेवावं. मालक कुणीच नाही. देखरेखीला देशोदेशीची चार माणसं, आपापलं पोट सांभाळून.

काम द्यायच्या आधी हे त्या फार्महाऊसवाल्या शेठांना पटेना. "फुकट हाय तं मालक कोन? उद्या मागं मागितला तं?" केळकर सरांनी इंग्रजीत परवाना समजावायला घेतला. शेठांची नजर दाराकडे जायला लागली तसे कोपऱ्यातून हिराभाऊ उठले.

"शेठ, जेवलात का?"

"जेवलो."

"तुमच्या गावात गावकीची भांडी हाईत?"

"हाईत की. समाजमंदिरात."

"लग्नाला टोप आनता तं कोनाला भाडं देता?"

"भाडं कशाला? गावाचा हाय तो टोप."

"मंग ह्ये पन गावाचंच हाय. फकस्त गाव जरा मोटं."

"असं सांगा ना मंग!" शेठ म्हणाले, आणि केळकर सरांकडे रागाने बघत काम देऊन गेले.

हिराभाऊंसाठी हे नुसतं समजावण्यापुरतं नव्हतं. किट म्हणजे गावकीचीच भांडी, असं ते मनापासून धरून चालायचे. घेतलं तसं ठेवायचं, घासून ठेवायचं, हे दिवसातून एकदा तरी तोंडून यायचंच. किटच्या माहितीपत्रकात कुठे चूक दिसली की हातातलं काम टाकून ती दुरुस्त करून पाठवायचे. "पोचा काडला," म्हणायचे. किटची नवी आवृत्ती आली की ऑफिसच्या उंबऱ्यावर नारळ फोडायचे. पाणी फरशीच्या फटीतून थेट खालच्या मिठाईवाल्या काकांच्या बर्फीच्या ताटात. काका वर येऊन ओरडायचे, हिराभाऊ त्यांना खोबरं द्यायचे, आणि काका खोबरं खात खात उरलेलं ओरडायचे. किटवाल्यांना काय, दर दोन महिन्यांनी नवी आवृत्ती!

देखरेख करणाऱ्या चौघांत एक एलिना नावाची बाई होती, कुठल्याशा थंड देशातली. आमच्याकडच्या दुरुस्त्या तपासून आत घ्यायचं काम तिचं. हिराभाऊ तिला एलिनाबाय म्हणायचे. बाकीचे लोक तिला दोन ओळींत काम कळवायचे. हिराभाऊंचं इंग्रजी पत्र आधी तिची, घरच्यांची आणि शेजारपाजारची खुशाली विचारायचं, मग तिकडे पाऊसपाणी कसं आहे, मग जेवलात का, आणि मग शेवटी म्हणायचं की सातव्या पानावर एक स्वल्पविराम सुटलाय. ती बिचारी सुरुवातीला उत्तरात फक्त "आभारी आहे" लिहायची. वर्षभरात ती आपल्या मांजराची तब्येत कळवायला लागली.

पण पोचे काढणं वेगळं आणि टोप ठेवणं वेगळं. हे मला फार उशिरा समजलं, आणि समजलं ते बोंबलांमुळे.

हिराभाऊंची आई, हौसाबाय, पनवेलच्या मच्छी मार्केटात बसायची. माहेर करंज्याचं, त्यामुळे माल थेट करंज्याच्या बंदरातून यायचा. आईला रोज फोनवर ओरडून ऑर्डर द्यावी लागते म्हणून हिराभाऊंनी तिच्यासाठी एक अ‍ॅप बांधलं. माशाचं चित्र दाबायचं, की बंदरावर तिच्या भावाला निरोप जायचा: एक पाटी पाठव. एकदम सोपं. मी स्वतः तपासलं होतं. सुक्या हाताने, एसीत बसून.

दुसऱ्या दिवशी हौसाबायला प्रत्येक माशाची दुप्पट पाटी आली. बोंबील, मांदेली, सगळंच दुप्पट. आईने मुलाला मार्केटातूनच फोन लावला. फोन हिराभाऊंच्या कानाला होता आणि शब्द मला टेबलापलीकडून कळत होते. मग हिराभाऊ गेले, आणि अर्ध्या तासाने बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन ऑफिसात आले. "मॅडम, ताजे हाईत. घेताव का?" मी घेतले. खालच्या काकांनी दुकानात कुणाला कळणार नाही अशा बेताने पिशवी मागून नेली. केळकर सर त्या दिवशी ग्राहकभेटीला म्हणून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत.

खोट कुठे होती ते मीच शोधलं, हे सांगून टाकते. मासळीचं पाणी खारट आणि बुळबुळीत. तशा हाताने बटण दाबलं की पडद्याला एकाच दाबण्याचे दोन वाटायचे. आमच्या अ‍ॅपची चूक नव्हती. किटचं बटणच तसं होतं.

हिराभाऊंचा चेहरा उजळला. एवढ्या फजितीनंतर माणूस इतका खूश कसा होतो, मला कळेना. "म्हंजे मॅडम, गावकीच्या भांड्यात ही वस्तू नायच! ओल्या हाताचं बटण नाय!"

आठवडाभर हा माणूस धड जेवला नाही आणि कुणाला जेवलात का विचारलं नाही, यावरून समजा. एकाच जागी, पापणी लवायच्या आत दोनदा बोट लागलं तर ते एकदाच धरायचं, असं बटण त्यांनी बांधलं. मी बोंबील हातात घेऊन तपासलं. केळकर सरांसमोर. बटण पक्कं होतं.

पाठवायच्या आधी मी कोड शेवटचा वाचला आणि वरच्या बाजूला एक ओळ दिसली. मराठीत, देवनागरीत: "हौसाबाई भोईर यांजकडून सप्रेम भेट."

"हे काय?"

"नाव," हिराभाऊ म्हणाले. "भांड्यावर असतंय ना, तसं."

मी म्हटलं जाऊ दे. अशी टिपणाची ओळ यंत्र वाचत नाही, ती माणसांसाठीच असते. पाठवलं.

एलिनाबायचं उत्तर आलं. बटण उत्तम आहे, पण दोन अडचणी. एक, तिने हात पाण्यात बुडवून बघितलं, तिच्याकडे जुनं बटणसुद्धा एकदाच दाबलं जातंय. हिराभाऊंनी कळवलं, साधं पाणी चालणार नाही, कृपया हातात एक बोंबील घ्यावा. तिने लिहिलं, आमच्याकडे बोंबील नसतो, हेरिंग नावाचा मासा घेतला, तरी काही झालं नाही. हिराभाऊंनी विचारलं, ताजा होता का? ती म्हणाली, बरणीतला. त्यावर हिराभाऊंनी जे उत्तर लिहिलं ते मी पाठवू दिलं नाही.

दुसरी अडचण खरी होती. त्या वरच्या ओळीचा अर्थ तिने कुणाकडून तरी काढून घेतला होता. ही भेट हौसाबाई भोईर यांच्याकडून असेल, तर नियमाप्रमाणे त्यांची संमती हवी. त्यांनी आपल्या नावाचं खातं उघडून संमतीच्या पानावर खूण करावी. नाहीतर ओळ काढावी.

"सुटलो!" मी म्हटलं. "ओळ काढा, हिराभाऊ. तुमचं नाव तसंही मदत करणाऱ्यांच्या यादीत येणारच आहे."

"यादी लग्नपत्रिकेत असते," हिराभाऊ म्हणाले. "भांड्यावर नावच लागतं."

"अहो, एक ओळ आहे! यंत्र ती वाचतसुद्धा नाही!"

"मॅडम, टोप द्यायचा आनि नाव घासून काडायचा, तं तो टोप कोनाचा?"

आवाज चढला होता. हिराभाऊंचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग ते खुर्चीत बसले, आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच कुणाला काही न विचारता गोष्ट निघाली.

त्यांच्या गावात टोपावर, परातीवर, बादलीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी भांडी मोजून घेताना बायका नावं वाचायच्या, हा अमक्याच्या आजीचा टोप, ही तमक्याची परात. भोइरांच्या घरचं एकही भांडं नव्हतं. ऐपतच नव्हती. कुणी काही बोलायचं नाही, गावकी सगळ्यांची. पण घरात कार्य निघालं की हौसाबाय किल्लीवाल्या कारभाऱ्याच्या ओट्याखाली उभी राहून विचारायची, आणि एरवी मार्केटात या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज तेव्हा निघायचा नाही. हिराभाऊ लहानपणी तिच्या पदराला धरून उभे असायचे.

नोकरी लागली तसा त्यांनी सगळ्यात मोठा टोप आणला, भोइरांचं नाव कोरून. तोवर गावात केटरर आले होते. समाजमंदिरातली भांडी माळ्यावर गेली, आणि कमिटीने हात जोडून सांगितलं, हिराभाऊ, आता ठेवायचा कुठं? टोप परत घरी आला. त्यात कोंबड्या बसतात.

"अंडी चांगली देतात," हिराभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. "पन आय त्या टोपाकडं बगत नाय."

मी डोळे पुसले आणि लगेच राग आला. असं काही असतं ते आधी सांगायला काय होतं या माणसाला? म्हटलं, उठा. तुमच्या आईची संमती घेऊ.

मार्केटात गर्दी ओसरली होती. हौसाबाय पाटावर बसून सुरमई कापत होती. हिराभाऊंनी समजावलं, की आये, मी एक बटण बांधलंय, जगभरची लोकं वापरतील, त्यावर तुझं नाव कोरलंय.

सुरी थांबली. "नाव कोरलंस? मेल्यावर कोरतात रं नाव! मी कवा मेले?"

"तसं नाय आये, सप्रेम भेट..."

"जित्तेपनी आयच्या नावानं भांडी वाटतोस! ऐकताव का गो," ती शेजारणीला म्हणाली, "माजा हिरा मना घालवतोय!" शेजारणीने लगेच पुढच्या शेजारणीला कळवलं, आणि अख्ख्या ओळीत हौसाबायच्या अकाली निधनाबद्दल हळहळ पसरली. एक गिऱ्हाईक तर हात जोडून गेलं.

शेवटी मीच पुढे झाले. "मावशी, हे स्मरणार्थ नाही, देणगी आहे. तुम्ही दिलंत, असं लिहिलंय. फक्त तुम्ही देताय ना, एवढं ती बाई विचारतेय."

"कोन बाय?"

"भांड्यांची किल्ली असते ना जिच्याकडे, ती समजा."

हौसाबायने माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "आन ती आपल्याला विचारतेय?" तिने विचारलं. "ती? आपल्याला?"

"हां आये."

"आन फोन," ती म्हणाली.

खातं आम्ही उघडून ठेवलं होतं. आता फक्त चौकटीत बोट लावायचं, की संमतीची खूण उमटते. पुरावा असावा म्हणून मी माझ्या फोनवर चित्रण सुरू केलं. तिने सुरमईचं बोट तसंच चौकटीला लावलं. खूण उमटली आणि गेली.

"गेली," मी म्हटलं.

तिने पुन्हा लावलं. उमटली, गेली. ते संमतीचं पानसुद्धा त्याच किटवर बांधलेलं, जुन्या बटणाचं! पहिल्या दाबण्याला संमती, दुसऱ्याला नकार.

"मी हो म्हनते, ही नाय म्हनते!" हौसाबाय त्या फोनवर खेकसली. "माजी वस्तू हाय, मी देतेय, तू कोन नाय म्हननारी?" हिराभाऊ म्हणाले, आये, हात पुस. ती म्हणाली, हात पुसून धंदा होतो का? पुन्हा बोट. पुन्हा तेच. आजूबाजूच्या बायका जमल्या आणि प्रत्येक वेळी "आली! गेली!" असं एका सुरात ओरडायला लागल्या. मी हसत होते, फोन हलत होता, आणि हिराभाऊ मात्र घामाने डबडबून आईच्या बोटाकडे बघत उभे होते. शेवटी शेजारणीने स्वतःच्या कोरड्या पदराने तिचं बोट धरून पुसलं आणि चौकटीवर टेकवलं. खूण उमटली. राहिली.

ते चित्रण मी जसंच्या तसं एलिनाबायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिने ते घरच्यांना, शेजारच्यांना आणि बाकीच्या तिघा राखणदारांना दाखवलं होतं. दोन्ही अडचणी मिटल्या आहेत, असं लिहिलं होतं. बटण किटमध्ये घेतलं, नावासकट.

त्या दिवशी हिराभाऊंनी इतके नारळ फोडले, की खालच्या काकांनी न ओरडता बर्फीची ताटं स्वतःच आत नेली. केळकर सरांनी डब्यातला जवळा चाखून बघतो म्हटलं. चाखला नाही, पण म्हटलं.

पुढे केळकर सरांनी ऑफिस पुण्याला हलवलं. मी गेले. हिराभाऊंनी एक दिवस पुण्यात राहून बघितलं, बाजारात मासळी बघितली, आणि परतीची एसटी धरली. घरूनच काम करायला लागले. फोनवर बोलणं व्हायचं, भेट व्हायची नाही.

गेल्या महिन्यात मी पनवेलला आले होते, तेव्हा मुद्दाम मार्केटात गेले. हौसाबायच्या जागेवर हिराभाऊ बसलेले, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, बांगडा साफ करत होते आणि फार वाईट करत होते. हौसाबाय मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्याला पट्टा बांधून, मुलाच्या सुरीच्या प्रत्येक घावाला नावं ठेवत होती. मला बघताच हिराभाऊ उभे राहिले.

"मॅडम! जेवलात का?"

मग ओल्या हातानेच त्यांनी फोन काढून पुढे धरला. किटमध्ये कुणीतरी नवखा आला होता. साफसफाई करताना त्याला आमची ओळ दिसली. त्याने लिहिलं होतं: ही अनोळखी लिपीतली ओळ काहीच काम करत नाही, काढून टाकतो. खाली एलिनाबायचं उत्तर होतं. मी ते मोठ्याने मराठीत वाचलं: "काढू नका. भांडं देणाऱ्याचं नाव भांड्यावर असतं. घासताना ते सांभाळायचं असतं. आणि हो, तुम्ही जेवलात का?"

हिराभाऊंनी मान खालीच घातली होती आणि साफ झालेला बांगडाच पुन्हा साफ करत होते.

हौसाबायने सगळं ऐकून घेतलं. पट्टा सारखा केला. मग तिच्या मार्केटातल्या आवाजात, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या, ती म्हणाली, "हिरा, लिव त्या बायला. घरात कार्य निघालं तं बिनघोर ने म्हनावं. विचाराय येऊ नको म्हनावं कोनाच्या दारात."

हिराभाऊंनी ते शब्दन् शब्द लिहिलं. खवले चिकटलेल्या बोटाने बटण दाबलं. निरोप एकदाच गेला.